इथे नकार मिळेल

सोमवार, ४

ही डायरी बाबांची. डब्यांच्या कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा जाणाऱ्या प्रत्येकाला एकेक दिली. वर सोनेरी अक्षरांत छापलंय, 'प्रगतीचं वर्ष'. म्हणजे आधी माणसाला घरी बसवायचं आणि वर म्हणायचं, घ्या, आता वेळच वेळ आहे, लिहीत बसा. बाबा म्हणाले, "मला काय लिहायचंय, तूच घे." मला तरी काय लिहायचंय! शाळेत माझ्या वहीत माझ्या निळ्या शाईपेक्षा बाईंची लाल शाई जास्त असायची. पण कोरं पान दिसलं की माझा हात शिवशिवतो. कोरी भिंत दिसली तरी शिवशिवतो. त्यापायी बाबा दोनदा दंड भरून आलेत.

तर झालंय असं. बाबा बावीस वर्षं झाकण खात्यात होते. आता झाकणं मशीन लावतं आणि मशीनकडे एक पोरगा बघत बसतो. तोसुद्धा बाहेरून आणलेला. काल टीव्हीवर एक टायवाला सांगत होता की उत्पादन दुप्पट झालं, आपल्या भागाची वाढ बघण्यासारखी आहे. बाबा बघतच होते. आई म्हणाली, "बघून झाली असेल तर ताटं घ्या."

सरकार बेकारांना भत्ता देतं. अट एकच, दर महिन्याला तीन नकार आणायचे. तीन ठिकाणी जाऊन काम मागायचं आणि तिथून 'काम नाही' असं कागदावर, शिक्का मारून आणायचं. नाहीतर भत्ता बंद. का, तर माणूस बेकार आहे की नुसता आळशी, हे कळायला नको? मला विचारलं असतं तर मी नुसतं तोंड बघून सांगितलं असतं.

बुधवार, ६

आज गंमत म्हणून बाबांच्या मागेमागे गेले. स्कूटरच्या आड लपत, खांबाच्या आड लपत, एकदम गुप्तहेर.

हार्डवेअरवाला म्हणाला, "काका, नाही म्हणायला काय जातंय, शंभरदा म्हणतो. पण लिहून नाही देणार. उद्या कोणी चौकशीला आलं तर?" बेकरीत कळलं की शिक्का मालकाकडे आणि मालक परगावी. टायरच्या दुकानातल्याने तर मान वर न करता सांगितलं, "नाही म्हणायला वेळ नाही, गिऱ्हाईक आहे."

बाबा बाहेर आले, काचेत बघून केस नीट केले आणि पुढच्या दुकानाकडे वळले. मी स्कूटरमागे तोंड दाबून हसत होते. मग हसू कुठे गेलं कळलंच नाही. काम मागायला माणूस वाकतो, ते समजू शकते. पण नकार मागायलासुद्धा वाकायचं?

या महिन्यात बाबांचे दोनच नकार झालेत. तिसरा मिळत नाहीये.

घरी येताना डोक्यात अशी कल्पना आली की मी रस्त्यातच उडी मारली. एक सायकलवाला पडता पडता वाचला.

शुक्रवार, ८

झालं! कंपनी काढली!

नाव 'भरारी उद्योग'. लाँड्रीवाल्या काकांची वरची खोली रिकामी होती. काका म्हणाले, "भाड्याचं काय?" मी म्हणाले, "तुमचा धाकटा भत्त्यावर आहे ना? दर महिन्याला एक नकार फुकट."

"दोन."

"एकच. पण गोड शब्दांत."

"लबाड आहेस. ठरलं."

साहेब म्हणून पोपटला धरलंय. पोपट म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, पण बाबांनी त्याला कधी बघितलेलं नाही. नाक्यावर छत्री लावून सिमकार्डं विकतो आणि बोलायला लागला की समोरचा न मागितलेलं कार्डही घेऊन जातो. टाय त्याच्याकडे आहे, बूट बघू. टेबल काकांचं, जळक्या इस्त्रीच्या डागासकट. डागावर मी फाइल ठेवली. शिक्केवाल्याने विचारलं, "कंपनी काय करते?" मी म्हणाले, "भरारी." त्याने पुढे विचारलंच नाही. हल्ली कोणी विचारत नाही म्हणे.

बाबांच्या वाटेवरच्या खांबावर कागद चिकटवला, 'माणसं पाहिजेत, उद्या दहा वाजता भेटा'.

शनिवार, ९

बाबा आले! इस्त्रीचा शर्ट, बूट चकाचक. मी मागे वाळत घातलेल्या चादरींच्या आड. शिंक आली की मेले.

पोपट म्हणाला, "बसा. काय काय येतं तुम्हाला?"

"झाकणं."

"आणखी?"

"झाकणंच. पण नवीन शिकेन."

पोपटने लांबलचक हं केलं. मग बाबांनी विचारलं, "साहेब, आपली कंपनी बनवते काय?"

हे काही आम्ही ठरवलं नव्हतं! पोपटचा चेहरा पांढरा झाला. म्हणाला, "सध्या... सध्या आम्ही माणसं बघतोय. माल नंतर."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "माणसं चांगली असली की मालाचं काय."

मी चादर तोंडात कोंबली होती म्हणून वाचले. उद्या पत्र घरी पोचेल. स्वतः लिहिलंय, हाताने, नीट अक्षरात. नुसतं 'काम नाही' कसं लिहायचं? लिहिलं, 'आपल्यासारखा माणूस मिळणं कठीण. आत्ता जागा नाही याचं आम्हालाच वाईट वाटतं. जागा झाली की पहिला निरोप आपल्याला.' खाली शिक्का. पोपट म्हणाला, "हे वाचून तर मीच रडेन."

रविवार, १०

बाबांनी जेवताना पत्र तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, नाही कसं म्हणावं ते शीक यांच्याकडून." मी पाणी प्यायला लागले आणि ठसका लागला.

पत्राची झेरॉक्स उद्या भत्त्याच्या ऑफिसात द्यायची आणि खरं पत्र खिशात ठेवलंय. आई पत्र हातात घेऊन बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. "अक्षर सुधारलंय कोणाचंतरी," असं म्हणाली आणि भांडी घासायला गेली. कोणाचं म्हणाली काय माहीत.

भत्ता वाचला! मी म्हणजे मीच!

शुक्रवार, १५

काकांच्या धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सकाळी जिन्यात अकरा माणसं. मी म्हणाले, "काय पाहिजे?" पहिली बाई म्हणाली, "नकार." दुसरा म्हणाला, "मला पण. जरा तसलाच द्या, मनाला बरं वाटणारा."

पोपट घाबरला. मी म्हणाले, घाबरतोस काय, बाजारात नसलेला माल आपल्याकडे आहे! दुकानदार जे फुकट द्यायला तयार नाहीत ते आपण देतो. त्याने टाय सरळ केला आणि म्हणाला, "पुढचे या."

गुरुवार, २१

लिहायला वेळच नाही! जिन्यापासून कोपऱ्यापर्यंत रांग. मुलाखतीला इस्त्रीचे कपडे लागतात म्हणून काकांची लाँड्री धो धो चालते. खाली चहावाला आला. झेरॉक्सवाल्याने टेबल टाकलं. टायरवाल्याच्या पुतण्याने रांगेत बसायला स्टुलं भाड्याने द्यायला सुरुवात केली. काकांनी तर एक जादा माणूस ठेवला, कामाला, खराखुरा! नकारातून नोकरी निघाली! टीव्हीवरच्या टायवाल्याने आमच्या गल्लीत यावं, वाढ इथे आहे.

पैशांचा हिशेब पोपट ठेवतो, गणित मी करत नाही. गणिताने मला शाळेत दोनदा परत पाठवलंय, आमचं बोलणं नाही. पत्रामागे थोडे पैसे घेतो, त्यातून कागद आणि पोपटचे बूट.

एक आजोबा मुलाखत संपली तरी उठेनात. पोपट म्हणाला, "आजोबा, झालं." ते म्हणाले, "बस की जरा. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी विचारलं, मला काय येतं."

रविवार, २४

बाबांची नवीन थेरं. रोज सकाळी सातला दाढी. घरात बसायचं तरी पायात बूट. फोन खिशात नाही, हातात. अंघोळीला जाताना माझ्याकडे देतात, "वाजला तर लगेच हाक मार हं." मी चिडवलं, "कोण फोन करणार आहे, मैत्रीण?" नुसते हसले. आईने मात्र पाठीत धपाटा घातला. साध्या चेष्टेला एवढा जोरात?

मंगळवार, २६

आज सगळं फिसकटलं.

मामाने बाबांसाठी गोदामात नोकरी बघितली होती. रखवालदाराची, पण पक्की. गोदामवाल्याने स्वतः फोन केला, उद्यापासून या. आणि बाबा म्हणाले, "माफ करा. मी एका कंपनीला बांधलेलो आहे. त्यांनी शब्द दिलाय."

मी दारातच होते. हातातून चप्पल पडली.

मामा संध्याकाळी येऊन ओरडला. "भाऊजी, कसली कंपनी? चालून आलेलं काम नाकारलं तर भत्ता बंद होतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

बाबांनी खिशातून पत्र काढलं. घडीवर कागद फाटायला आलाय. "हे वाच. असं कोणी उगाच लिहितं का?"

मामाने वाचलं. घडी घालून परत दिलं.

मला वाटायचं मी बाबांना नकार दिला. मी तर त्यांना नोकरी देऊन बसले होते आणि मलाच पत्ता नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सांगू का त्यांना? सांगितलं तर पुन्हा काचेत बघून केस नीट करतील, ते मला बघायचं नाही.

बुधवार, २७

ठरवलं. कंपनी खोटी आहे ना? मग खरी करायची! पोपट म्हणाला, "वेडी झालीस." मी म्हणाले, "तुला टाय लावून साहेब केला, तो काय शहाणपणा होता?"

दिवसभर फिरलो. काहीही काम द्या, आमच्याकडे माणसंच माणसं आहेत. लोकांनी चहा पाजला, काम नाही दिलं. पण एक गोष्ट कळली. पोपट ज्यांच्या मुलाखती घेतो त्यांचं सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. कोण शिवतं, कोण वायरिंग करतं, कोणाला ट्रक चालवता येतो. शाळेत पाढे बसले नाहीत आणि हे बसलं!

शुक्रवार, २९

आजचा दिवस मरेपर्यंत विसरणार नाही.

सकाळी एक गाडी थांबली. त्यातला माणूस रांग बघून वर आला. कारखान्याच्या नवीन मशीनवाल्या पोरांसाठी तो हॉस्टेल काढतोय. म्हणाला, "लोखंडी पलंग आलेत, सुटे. जोडायला सहा माणसं पाहिजेत, तीन दिवस. आहेत?"

आहेत? पोपटने मला मिठीच मारली! मी धाडधाड जिना उतरले, स्टुलावर चढले आणि ओरडले, "काम आलंय! खरं काम! सहा जण! रोख पैसे! कोण येतंय?"

कोणी हललं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले. पुढची बाई खाली बघत म्हणाली, "पोरी, तीन दिवस काम केलं की नाव भत्त्यातून कटतं. पुन्हा लागायला दोन महिने. चौथ्या दिवशी पोरांना काय घालू?"

"आम्ही नकार घ्यायला आलोय," मागून एक जण म्हणाला. "काम नको घालूस मध्येच."

काही जण हसले. मी स्टुलावर तशीच. एवढी माणसं, एवढं येतं त्यांना, आणि काम समोर उभं असून हात खाली. मला राग येत होता आणि कोणावर ते कळत नव्हतं. त्या बाईवर तर नाहीच.

तेवढ्यात रांगेच्या अगदी शेवटी एक हात वर झाला.

इस्त्रीचा शर्ट. बाबा.

जागा झाली का, हे विचारायला आले होते. भिडस्त माणूस, वर थेट कसे येणार, म्हणून रांगेत उभे. माणसं बाजूला झाली आणि ते चालत आले, मी स्टुलावर, पोपट जिन्यात टाय धरून. बाबांनी पोपटकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खिशातून पत्र काढलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"सगळं तुझंच?"

"हो बाबा."

मला वाटलं, आता एक बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. बाबांनी पत्राची घडी घातली. "जागा झाली म्हणतेस ना?" मग गाडीवाल्याकडे वळले, "सहा नाहीत, साहेब. मी येतो. माझं नाव कटलेलंच आहे, मला भीती नाही. ही दोन माकडं मदतीला घेतो. तीन दिवसांचं काम पाच दिवसांत करून देऊ. चालेल?"

गाडीवाला म्हणाला, "चालेल."

मी स्टुलावरून उतरले ते पडलेच.

रविवार, ३१

हात काळे, पाठ मोडलीय, पण काय मजा! काल सुरुवात केली. पहिला पलंग आम्ही उलटा जोडला. पोपट त्यावर बसला आणि पलंगासकट घडी झाला. बाबा इतके हसले की भिंतीला टेकले. काम गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

दुपारी रांगेतली ती बाई आली, तोंडाला रुमाल गुंडाळून. हळूच म्हणाली, "मीही करते. फक्त नाव लिहू नका." मी लगेच पाना पुढे केला. बाबांनी माझा हात अडवला. "ताई, नाव सांगून येणार असाल तर या. लपून नको."

ती निघून गेली. मला बाबांचं पटलं नाही, तसं बोलूनही दाखवलं. तिच्या घरी दोन पोरं आहेत, तत्त्व आपल्या घरी. बाबा पाना फिरवत राहिले. बोल्ट घट्ट करून म्हणाले, "मलाही नाही पटलं."

पत्राबद्दल अजून एक अक्षर काढलं नाहीये. मी रोज वाट बघते, आज काढतील.

नकाराचं दुकान बंद केलं. बाबांनी पाटी उतरवली. काल जिन्यात तिघं मला शिव्या घालून गेले आणि एक आजोबा नुसतेच बसून गेले.

कालची चिठ्ठी आत्ता दाराखाली सापडली. भत्ता ऑफिसने बाबांना बोलावलंय, गोदामाची नोकरी नाकारली म्हणून. आणि खाली लिहिलंय, 'भरारी उद्योगाच्या चालकांनीही यावे'. पाचावर धारण बसलीय.

बुधवार, ३

पलंग आज सकाळी संपले आणि दुपारी ऑफिस. घाईघाईने लिहितेय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही!

ऑफिसातली बाई चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "आगाऊ दिसतेस. तूच का चालक?"

बाबांनी सगळं सांगितलं. सगळं! पत्र, चादरी, पोपट, रांग. मी टेबलाखालून चिमटा काढला तर म्हणाले, "चिमटे काढू नकोस," तेही मोठ्याने.

बाईने पेन खाली ठेवलं. "नीट ऐका. कंपनी खोटी असेल तर तुम्ही फसवले गेलात. तुमची चूक नाही, भत्ता परत सुरू. पण मग हिच्यावर केस. कंपनी खरी असेल तर तुम्ही नोकरदार. भत्ता आजपासून बंद आणि वर्षभर नवा अर्ज नाही. बोला. खरी की खोटी?"

"खोटी!" मी उभीच राहिले. "बाई, एकदम खोटी आहे हो! शिक्का बघा, भरारी म्हणे! कोणी विश्वास तरी ठेवेल का?"

"तुला विचारलं नाही. खाली बस."

बाहेर कोणीतरी शिक्के मारत होतं, ठक, ठक. मी मनात म्हणत होते, खोटी म्हणा, बाबा, एकदा तरी आयुष्यात सोपं तेच म्हणा.

"खरी आहे," बाबा म्हणाले. "चार दिवस झाले, मी तिथे कामाला आहे."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी ही शिकत होती."

बाई माझ्याकडे वळली. मग हात पुढे करून म्हणाली, "शिक्का दे." शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली फिरवली. "यापुढे कोणाला नाही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणायचं. समजलं?" आणि बाबांच्या कागदावर लिहिलं, 'नोकरीस लागले'. लिहिता लिहिता खाली बघूनच म्हणाली, "पत्रं मात्र छान असायची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकींना वाचून दाखवायचो."

म्हणजे हिला पहिल्यापासून... जाऊ दे, विचार करायला वेळ नाही.

बाहेर पायऱ्यांवर बाबा थांबले. मला रडू यायला लागलं होतं आणि मी नाक पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. "बाबा, कशाला म्हणालात खरी? वर्षभर आता काही नाही. मी सांगितलं होतं ना खोटी म्हणून!"

"तू एवढ्या लोकांना काय येतं ते विचारलंस," बाबा म्हणाले. "तुला काय येतं ते मी विचारलंच नव्हतं." मग बूट झटकले, एकदम दुसऱ्याच आवाजात म्हणाले, "बरं. उद्या किती वाजता येऊ?"

पलंग तर संपले होते. उद्याचं मला काहीच माहीत नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "सात."

"आठ. मालकीण झालीस म्हणून माणसाला कोंबडा समजू नकोस."

आणि गेले घरी, हात मागे बांधून, शिट्टी वाजवत.

पोपट खालून हाका मारतोय. बाजार बंद व्हायच्या आत एकेक दार ठोठावायचंय. पाय नाचतायत. पुरे झालं लिहिणं. उद्या आठ वाजता माझा माणूस कामावर येणार आहे.